विमान उतरताना होणाऱ्या ऑटोपायलटच्या मार्गचुका

उतरणारे विमान ऑटोपायलटवर असताना भलत्या वाटेला किंवा भलत्या उंचीला जाते, तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. त्याला जे सांगितले तेच ते इमानाने करत असते. गफलत सांगण्यात झालेली असते. ३५ हजार फुटांवर ती सावरायला वेळ मिळतो. उतरताना खाली डोंगर असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलंबियातले आहे. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ (उड्डाण ९६५) मायामीहून काली शहराकडे येत होते. नियंत्रकाने ऐनवेळी समोरच्या धावपट्टीवर थेट उतरण्याची मुभा दिली. वेळ वाचत होता, पण विमान अजून फार उंच होते. लगबग सुरू झाली. पंखांवरचे स्पीडब्रेक (हवेला अडवून विमान लवकर खाली आणणाऱ्या फळ्या) उघडले गेले, नकाशे शोधणे सुरू झाले. नकाशावर 'रोझो' या बीकनची (वाट दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची) खूण होती नुसते 'आर' हे अक्षर. वैमानिकांनी संगणकात 'आर' टाकले, यादी आली आणि पहिलेच नाव स्वीकारले गेले. ते होते 'रोमिओ', राजधानी बोगोटाजवळचे, कालीपासून फार दूर. रोझो त्या संगणकात पूर्ण नावानेच साठवलेले होते. एका अक्षराने ते सापडणारच नव्हते. अंधारात विमान डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे वळले आणि वळतानाही उतरतच राहिले. चूक उमगायला सुमारे मिनिट गेले. कालीचे रडार बंडखोरांनी १९९२ मध्येच उद्ध्वस्त केल्यामुळे नियंत्रकालाही काही दिसत नव्हते. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा उरले होते जेमतेम १२ सेकंद. वैमानिकांनी इंजिनांचा पूर्ण जोर लावून नाक वर उचलले, पण स्पीडब्रेक मिटायचे राहून गेले. बुगा शहराजवळच्या डोंगरावर, सुमारे ८,९०० फुटांवर विमान आदळले. १६३ पैकी चौघेच वाचले. ब्रेक मिटले असते तर डोंगर ओलांडता आला असता का, यावर पुढे बराच अभ्यास झाला.

या अपघातानंतर भूप्रदेशाचा नकाशा पोटात बाळगून पुढचा डोंगर आधीच ओळखणारी इशारा यंत्रणा मोठ्या प्रवासी विमानांत आली. आधीची यंत्रणा पोटाखालची जमीन मोजायची, समोरचा कडा तिला कळत नसे.

मार्ग बरोबर असूनही घात होतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० बंगळूरच्या धावपट्टीआधीच आदळले; १४६ पैकी ९२ जण दगावले. इंजिने मंद ठेवणाऱ्या अवतरण पद्धतीत विमान राहिले आणि वेग घटत चालल्याचे वेळेवर लक्षात आले नाही.

फ्रान्समध्ये २० जानेवारी १९९२ रोजी एअर इंटरचे ए-३२० स्ट्रासबूरजवळ डोंगरावर आपटले. ८७ जण गेले. तपासातली सर्वांत पटणारी शक्यता अशी: हवा होता ३.३ अंशांचा उतार, पण लागू झाली मिनिटाला ३,३०० फूट ही गती. पडद्यावर तेव्हा एवढेच दिसे : '३३'. पुढे एअरबसने तिथे चारही आकडे दाखवायला सुरुवात केली.