वाय-फाय राउटर : सॉफ्टवेअरचे ज्ञात दोष व उपाय (बेळगाव सीमाभाग)

वाय-फाय राउटर म्हणजे घरात येणारी इंटरनेटची एकच जोडणी अनेक उपकरणांना बिनतारी वाटून देणारा छोटा संगणक. त्याच्या पोटात प्रोसेसर, मेमरी आणि बहुधा लिनक्सवर बेतलेले सॉफ्टवेअर असते. या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात इतर मराठी मुलखाप्रमाणेच राउटरच्या कोणत्याही बिघाडाला ‘नेट गेलं’ एवढेच म्हणतात आणि या दोन शब्दांत अगदी निरनिराळे बिघाड दडलेले असतात.

त्यातला एक आधीच बाजूला काढावा. फायबरच्या जोडणीत ‘लॉस’चा दिवा लाल लागला असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात झाड तारेवर पडले, तर सेटिंगमध्ये कितीही बोटे घातली तरी उपयोग नाही, केबलवाल्याला बोलवावे. पुढची माहिती तो दिवा विझलेला असतानाची आहे.

सर्वांत चकवणारा दोष घड्याळाचा. मोबाइल किंवा संगणक बंद असतानाही वेळ लक्षात ठेवतो. घरगुती राउटरमध्ये त्यासाठीची बॅटरी सहसा नसते. वीज जाऊन आली की त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडते, नाहीतर फर्मवेअर तयार झाले तो दिवस. मग तो एनटीपी सर्व्हरला, म्हणजे इंटरनेटवर अचूक वेळ सांगणाऱ्या संगणकाला, वेळ विचारतो. पण सर्व्हरचा पत्ता नावाने दिलेला असल्याने आधी डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, जावे लागते. डीएनएस सुरक्षित पद्धतीचे ठेवलेले असेल, तर समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत तपासताना १९७० साल आड येते आणि उत्तर नाकारले जाते. वेळ नाही म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून वेळ नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात हा फेरा चार वेळा भोगावा लागतो. उपाय साधा आहे : एनटीपी सर्व्हर नावाऐवजी आकडी पत्त्याने द्यावा, किंवा राउटरमधले सुरक्षित डीएनएस बंद करून ते मोबाइल-संगणकातच चालू करावे. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर प्रश्नच उरत नाही, मात्र आधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचावा.

घरात इन्व्हर्टर असूनही राउटर अडकतो, याचे अनेकांना नवल वाटते. वीज जाताना इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर लागतो, तेवढ्यात राउटर धड बंदही होत नाही आणि धड चालूही राहत नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडची कळ असल्यास ती दाबून पाहावी. फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज गेली तर मात्र राउटर कायमचा मुका होऊ शकतो; म्हणून ढग दाटलेल्या दुपारी ते काम काढू नये.

घड्याळाच्या चुकीची झळ घराबाहेरही पोचू शकते. २००३ मध्ये नेटगिअरच्या काही राउटरांच्या फर्मवेअरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला निघाला. उत्तर मिळाले नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत, आणि त्या विद्यापीठावर विनंत्यांचा पूर लोटला.

सीमाभागाचा खास म्हणावा असा दोष सिमकार्डवर चालणाऱ्या ४जी राउटरचा. दूरसंचाराच्या नकाशात कर्नाटक आणि महाराष्ट्र ही वेगळी सर्कल (सेवाक्षेत्रे) आहेत, गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो, आणि कंपनी एकच असली तरी प्रत्येक सर्कलमधल्या नेटवर्कचा संकेतांक वेगळा असतो. एअरटेलचा कर्नाटकात ४०४-४५, महाराष्ट्रात ४०४-९०. बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे. टॉवरच्या लहरींना ती कुठली ठाऊक असायला! सिम कर्नाटकचे आणि टॉवर पलीकडचा जोरात, अशी वेळ आली की राउटर पलीकडच्याला चिकटतो. ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण नेट मात्र येत नाही. रोमिंग चालू करणे हा सरळ उपाय. हल्लीच्या बहुतेक पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंगचा वेगळा आकार नसतो, तरी आपला पॅक तपासावा. राउटर दोन्हींकडे सारखा उड्या मारत असेल तर नेटवर्क ‘ऑटो’वरून काढून हाताने निवडावे.

काही साइट उघडतात आणि काही नुसत्या गोल फिरत राहतात, हे लक्षण पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या, जोडणीचे. इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या जाळ्यातल्या, माहितीच्या पाकिटाची मर्यादा १५०० बाइट. त्यातले ८ पीपीपीओई स्वतः खातो. राउटरमध्ये एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० राहिला तर मोठी पाकिटे वाटेत अडतात. एमटीयू १४९२ करावा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही टोकांना लहान पाकिटे पाठवायला लावणारी सोय) चालू करावे.

केबलवाल्याच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडला आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला की गोंधळ ठरलेला. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा, किंवा त्याला अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसते वाय-फाय पसरवणारे उपकरण, करून टाकावे. (इथले आकडे राउटरमध्ये इंग्रजी अंकांतच टाकायचे, देवनागरी अंक त्याला कळत नाहीत.) राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे असे समजावे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला गावच्या घराचा कॅमेरा थेट बघायचा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरची विनंती राउटरमधून थेट कॅमेऱ्याकडे वळवण्याची, खटपट इथे वाया जाते. क्लाउडवाला कॅमेरा घ्यावा किंवा कंपनीकडून स्थिर आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागावा.

‘बंद करून चालू कर’ या सर्वमान्य औषधालाही कारण आहे. राउटर प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत चालू टीसीपी (वेबपाने वगैरे आणणाऱ्या) जोडणीची नोंद काही हालचाल नसतानाही ५ दिवस राहते. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरने ती मुदत ७४४० सेकंदांवर आणली. तक्ता भरला की नव्या जोडण्या नाकारल्या जातात, आणि रीस्टार्टने तो पुसला जातो. रोज रीस्टार्ट करावा लागत असेल तर मुदत कमी करावी. ओपनडब्ल्यूआरटी २००४ पासूनचे, लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा स्रोत खुला झाल्यावर जन्मलेले. मात्र ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरांना १९.०७ नंतरच्या आवृत्त्या झेपत नाहीत.

डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्डशिवाय उपकरण जोडण्याच्या सोयीची, पिन मात्र विनाचर्चा बंद करावी. आठ अंकी दिसली तरी ती दोन तुकड्यांत तपासली जाते आणि जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्येच उघड झाले.

वाय-फायला मराठी नाव देण्याची हौस असणाऱ्यांनी बाइट मोजावेत. नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, ३ बाइट घेते. ‘पाटील वाडा’ २८ बाइटांत बसतो. ‘गणेशपूर गल्ली’ मात्र ३७ बाइटांची होते. काही राउटर ती नाकारतात, काही अर्धवट कापून शेवटी चौकोन दाखवतात. पासवर्डला ही मुभाही नाही : तो ८ ते ६३ इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हांचाच असावा लागतो.