देणारा निवृत्त झाला, आयडी मात्र राहिला: मेनफ्रेम डेटाबेसवरील खात्यांची पार्श्वभूमी

मेनफ्रेम म्हणजे बँका-विमा कंपन्यांचे मोठे मध्यवर्ती संगणक. त्यांवरचा आयबीएमचा डीबी-टू हा डेटाबेस स्वतःविषयीच्या नोंदी एका कॅटलॉगमध्ये ठेवतो, आणि त्यात प्रत्येक परवानगीपुढे दोन रकाने असतात: परवानगी कोणाला दिली आणि कोणी दिली. मुंबईत अनेक वर्षे मेनफ्रेमवर काम करून फोंड्याला परतल्यावर मी घरूनच एका परदेशी विमा कंपनीचे काम पाहू लागलो, तेव्हा ‘कोणी दिली’ या रकान्यात एकच सात अक्षरी आयडी पानामागून पान दिसत राहिला. तो माणूस केव्हाच निवृत्त झाला होता. तरीही रात्री आपोआप चालणारी काही कामे, म्हणजे बॅच जॉब, त्याच्याच आयडीवर चालत असल्यामुळे तो आयडी पुसणे तर दूरच, निलंबित करण्याचीही कोणाची तयारी नव्हती. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचेच नाव असलेली घरे गोव्यात काही कमी नाहीत, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. मात्र संगणकाच्या जगात ही स्थिती कशी आली, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय देणारी सीटीएसएस ही प्रणाली १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत दाखवण्यात आली, आणि वापरकर्त्याला पासवर्ड विचारणाऱ्या पहिल्या प्रणालींमध्ये तिची गणना होते. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाच्या वाट्याचे तास मोजता यावेत, एवढाच त्यामागचा माफक हेतू होता. वाट्याला आलेले तास पुरेनात म्हणून तेथील एका संशोधकाने १९६२ मध्ये पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली, हे पुढे त्याने स्वतःच सांगितले. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे दिवसाच्या सूचनेची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसले.

व्यापारी मेनफ्रेमचे जग यापेक्षा वेगळे होते. आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका १९६४ मध्ये जाहीर केली, तेव्हा कामे छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांनी होत आणि यंत्राच्या खोलीचे दार हीच सुरक्षा असे. अपोलो मोहिमेतील सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी उभारलेला आयएमएस हा डेटाबेस १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील रॉकवेलच्या यंत्रावर चालू झाला. त्यात डेटाचा कोणता भाग वाचायचा, कोणता बदलायचा आणि कोणता पुसायचा हे प्रोग्रॅमनिहाय ठरत असे. म्हणजे हक्क माणसाचा नसून प्रोग्रॅमचा होता, आणि व्यवहारावर बंधन घालायचेच झाले तर ते टर्मिनलला, म्हणजे यंत्राला जोडलेल्या पडदा-कळफलकाला, किंवा पासवर्डला जोडले जाई. टर्मिनल ज्याच्या पुढ्यात, हक्क त्याचा, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. टर्मिनले यंत्राच्या खोलीबाहेर, शाखांच्या काउंटरवर जाऊन पोचली, तेव्हा ही व्यवस्था तोकडी पडली.

आयबीएमच्या ग्राहकांच्या शेअर या संघटनेने सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुरक्षेसाठी एक गट नेमला आणि त्याने मागण्यांची यादी केली. मुख्य मागणी अशी, की फाइल तयार होताच ती आपोआप संरक्षित असावी. कोणी सांगेपर्यंत ती उघडी राहू नये. १९७६ मध्ये आयबीएमने रॅकएफ हे मेनफ्रेमच्या सुरक्षेचे उत्पादन आणले, पण त्याचे तत्त्व नेमके उलट होते: ज्याचे रक्षण करायला सांगाल त्याचेच ते रक्षण करी. त्या गटाचे नेतृत्व केलेले बॅरी श्रेगर या उत्तरावर समाधानी झाले नाहीत आणि त्यांनी सहकाऱ्यांसह एसीएफ-टू हे प्रतिस्पर्धी उत्पादन तयार केले, ज्यात नियम नसेल तर प्रवेश नाही, हाच मूळ नियम होता. आपोआप संरक्षणाची सोय पुढे रॅकएफमध्येही आली. या वादात श्रेगर यांची बाजू मला आजही बरोबर वाटते, जरी गेली अनेक वर्षे माझे पोट रॅकएफवरच चालले आहे.

रॅकएफने एक मोठे काम मात्र केले. हक्क टर्मिनलकडून काढून माणसाच्या नावाला, म्हणजे जास्तीत जास्त आठ अक्षरांच्या आयडीला बांधला आणि आयडींना गटांत बसवले. परवानगी नसलेल्या फाइलला कोणी हात लावला की आयसीएच४०८आय या क्रमांकाचा संदेश उमटतो. त्यात आयडी, गट, मागितलेला अधिकार आणि प्रत्यक्षात असलेला अधिकार असे सगळे ओळीने छापलेले असते. ‘मागितले: रीड (वाचणे), आहे: नन (काहीच नाही)’ अशा आशयाची ती ओळ वाचता आली, की निम्म्या तक्रारी फोन न उचलता सुटतात.

डेटाबेसच्या आतली गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत रंजक आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर या डेटाबेसच्या संशोधन प्रकल्पावर काम करताना पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. टेबल, म्हणजे डेटाबेसमधला तक्ता, ज्याने तयार केले तो त्याचा मालक. तो इतरांना ‘ग्रँट’ने परवानगी देईल, हवे तर पुढे वाटण्याच्या मुभेसह, आणि ‘रिव्होक’ने परत घेईल, अशी त्यांची मांडणी होती. देण्यात अडचण नव्हती. पेच होता परत घेण्यात. समजा, टेबलाच्या मालकाने सकाळी दहाला लेखाधिकाऱ्याला परवानगी दिली, बाराला लेखाधिकाऱ्याने ती लिपिकाला दिली आणि तीन वाजता लेखाधिकाऱ्याला तीच परवानगी व्यवस्थापकाकडूनही मिळाली. आता मालकाने आपली परवानगी काढून घेतली, तर लिपिकाचे काय? ग्रिफिथ्स आणि वेड यांनी प्रत्येक परवानगीवर वेळेचा शिक्का मारला आणि उत्तर दिले, की बारा वाजता लेखाधिकाऱ्याकडे जो अधिकार होता तो फक्त मालकाचा होता, म्हणून लिपिकाची परवानगीही जाते. लेखाधिकाऱ्याची मात्र व्यवस्थापकामुळे टिकते. मालकाने ती परवानगी मुळात दिलीच नसती तर जे चित्र असते, तेच परत घेतल्यावर उरले पाहिजे, अशी त्यांची कसोटी होती. १९७८ मध्ये रोनाल्ड फेगिन यांनी या पद्धतीतील उणीव दाखवली: एकाने दुसऱ्याला तीच परवानगी पुन्हा दिल्यास मूळ पद्धत दोन स्वतंत्र नोंदी ठेवत नसे, त्यामुळे ज्याचा हक्क टिकायला हवा त्याचाही अडू शकत होता. साऱ्या नोंदी ठेवा, हा त्यांचा उपाय.

कागदावर नितळ दिसणारे हे तर्कशास्त्र १९८३ मध्ये जाहीर झालेल्या डीबी-टूमधून कचेऱ्यांत आले, आणि तेथे माणसे निवृत्त होत होती. सिसॅडम हा सर्वोच्च अधिकार असलेल्या एखाद्याने पंधरा वर्षे परवानग्या वाटल्या आणि तो निघून गेल्यावर त्याचा अधिकार काढला, तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या परवानग्या साखळीने कोसळत. दुसऱ्या दिवशी शाखांमधून उणे ५५१ या त्रुटीचे, म्हणजे ‘तुम्हाला हा अधिकार नाही’ असे सांगणारे, फोन सुरू होत. म्हणून जाणत्या कचेऱ्यांनी माणसाऐवजी गटाच्या आयडीने परवानग्या द्यायला सुरुवात केली आणि रॅकएफचे गटच डीबी-टूमध्ये दुय्यम आयडी म्हणून चालू लागले, म्हणजे गटाला दिलेले हक्क गटातल्या माणसाला वापरता येऊ लागले. इतरांनी जुने आयडी जिवंत ठेवले. साखळी न तोडता फक्त एकाचीच परवानगी काढण्याची सोय झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवरील डीबी-टूमध्ये दहाव्या आवृत्तीत, २०१० साली आली. त्याच आवृत्तीत सेकॅडम हा निराळा अधिकार आला, आणि परवानग्या वाटणारा व डेटाबेस चालवणारा हे दोघे वेगळे ठेवता येऊ लागले. देवस्थानाच्या दागिन्यांच्या पेटीची कुलुपे दोन आणि किल्ल्या दोन महाजनांकडे, ही रीत आपल्याला ठाऊक असल्याने या बदलाला इतका उशीर का लागला, असा प्रश्न पडतो.

दरम्यान बाहेरून दडपण वाढले. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम या कंपन्यांच्या हिशेबातील घोटाळ्यांनंतर अमेरिकेने २००२ मध्ये कंपन्यांच्या हिशेबांविषयी सार्बेन्स-ऑक्सली कायदा केला, आणि कोणाला कशाचा अधिकार आहे याची ठरावीक मुदतीने फेरतपासणी करून घेणे लेखापरीक्षकांच्या आग्रहाचा विषय झाले. भारतातून दूरस्थ काम करणाऱ्यांना खऱ्या डेटावर कायमचा हात न देता, संकटकाळी काही तासांपुरता फायरकॉल आयडी देण्याची पद्धत याच काळात अंगवळणी पडली. पासवर्डांची बाजू मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली. २०१२ मध्ये स्वीडनमधील लॉजिका या सेवा कंपनीच्या मेनफ्रेममधून रॅकएफचा डेटाबेसच चोरीला गेला आणि त्यातील पासवर्ड फोडले गेले. आठ अक्षरे आणि डीईएस ही जुनी सांकेतिक पद्धत एवढ्यावर भिस्त होती. अधिक कणखर पद्धत आयबीएमने २०१४ मध्ये दिली.

निवृत्त माणसाचा तो आयडी शेवटी आम्ही चवथीनंतरच्या एका शनिवारी काढला. आधी जॉब दुसऱ्या आयडीवर हलवले, मग गटाच्या नावे सगळ्या परवानग्या पुन्हा दिल्या आणि त्यानंतरच साखळी न तोडता जुन्या परत घेतल्या. उरले रॅकएफ. तेथे आयडी नुसता पुसला तर प्रवेश-याद्यांमध्ये त्याचे नाव तसेच मागे राहते, आणि उद्या तोच आयडी नव्या माणसाला दिला तर जुने हक्कही त्याच्या हाती पडतात. हे टाळण्यासाठी आयआरआरआरआयडी०० नावाची उपयोजना आहे. ती नाव जेथे जेथे आहे ते शोधते आणि काढण्याच्या आज्ञा लिहून देते. पण कायमच्या पुसण्याच्या आज्ञांआधी ‘एक्झिट’ असा शब्द टाकून ठेवते, जो माणसाने सगळे वाचून स्वतःच्या हाताने काढावा लागतो. आणि ज्या फाइलींचा मालक तो आयडी होता, तेथे नव्या मालकाच्या जागी ती प्रश्नचिन्ह टाकते. त्या दिवशी एक्झिट काढायला एक मिनिट लागले. प्रश्नचिन्हांच्या जागी कोणाचे नाव घालायचे, यावर कंपनीच्या तीन विभागांचा पत्रव्यवहार पुढच्या महिन्यापर्यंत चालला.