पाथ का वर्किंग डिरेक्टरी? प्रोग्रॅममधून कमांड चालेना तेव्हा आधी हे बघा

"टर्मिनलमध्ये मस्त चालतंय पण प्रोग्रॅममधून चालवलं की नो सच फाइल ऑर डिरेक्टरी येतं" अशी तक्रार कोणी केली की खाली पहिलं उत्तर ठरलेलं, पाथ चेक कर. मग तो बिचारा पाथमध्ये अजून चार फोल्डर घुसडतो, मशीन रिस्टार्ट करतो, एरर तिथेच. कारण पुष्कळदा पाथचा काही दोषच नसतो, घोळ वर्किंग डिरेक्टरीचा असतो, आणि दोघांचा एरर मेसेज एकच असल्यामुळे लोक चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतात.

पाथ ही PATH नावाच्या सेटिंगमधली (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली) फोल्डरांची यादी आहे, लिनक्स आणि मॅकवर मध्ये कोलन असतो, विंडोजवर सेमीकोलन. तुम्ही कमांडचं नुसतं नाव दिलं तर या यादीतले फोल्डर एकेक करून तपासले जातात आणि जिथे पहिल्यांदा सापडेल ते चालतं. वर्किंग डिरेक्टरी म्हणजे यादी वगैरे नाही, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आत्ता ज्या एका फोल्डरमध्ये उभी आहे तो फोल्डर, आणि स्लॅशने सुरू न होणारा कुठलाही फाइल पाथ तिथून मोजला जातो. दोन्ही गोष्टी चाइल्ड प्रोसेसला तिला सुरू करणाऱ्या पॅरेंटकडून मिळतात, बहुतेक त्यामुळेच डोक्यात एकत्र बसतात.

लिनक्सवर ओळखायची सोपी खूण म्हणजे स्लॅश. नावात कुठेही स्लॅश आला की पाथचा विषय संपला, तो बघितलाच जात नाही. म्हणजे "टूल" असं लिहिलंत तर पाथमध्ये शोध होणार, "बिन/टूल" लिहिलंत तर वर्किंग डिरेक्टरीपासून, आणि तिथे तुम्ही पाथमध्ये काय वाट्टेल ते टाका, फरक शून्य.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. समजा पायथनमधून सबप्रोसेसने (बाहेरची कमांड चालवायचं मॉड्यूल) एफएफएमपेग हे व्हिडिओचं टूल चालवताय आणि इनपुट म्हणून "व्हिडिओ/अ.एमपी४" अशी फाइल दिलीये. त्या एकाच ओळीत दोन वेगवेगळे शोध आहेत, एफएफएमपेग हे नाव पाथमधून शोधलं जाणार आणि व्हिडिओची फाइल वर्किंग डिरेक्टरीपासून. आता एरर कोण देतंय ते नीट वाचा. पायथननेच फाइलनॉटफाउंडएरर फेकला आणि शेवटी अवतरणात एफएफएमपेगचं नाव असेल तर कमांडच सापडली नाही, पाथ बघा. पण एफएफएमपेगने आधी आपलं व्हर्जन वगैरेचं लांबलचक भारूड छापलं आणि मग व्हिडिओच्या फाइलचं नाव घेऊन नो सच फाइल म्हणाला, तर अहो, तो सापडला, सुरूही झाला, पाथ निर्दोष आहे! तिथे वर्किंग डिरेक्टरीच चुकलीये. एवढा फरक वाचला तरी अर्धा वेळ वाचतो, पण लोक एररची शेवटची ओळ कॉपी करून सर्च करतात आणि कुणाचं नाव आलंय ते बघतच नाहीत.

शेलमार्फत (बॅशसारखा कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर एक्झिट कोडही, म्हणजे कमांड संपताना मिळणारा आकडाही, बोलतो. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा एक्झिक्यूट परमिशन नसते.

ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये मात्र एक सापळा आहे. कमांड चालवणाऱ्या स्पॉनला सीडब्ल्यूडी (वर्किंग डिरेक्टरी) म्हणून अस्तित्वात नसलेला फोल्डर दिलात तरी एरर येतो "स्पॉन एफएफएमपेग ईनोएंट" (ईनोएंट हे नो सच फाइलचंच कोडनाव), म्हणजे नाव कमांडचं आणि चूक फोल्डरची. माणूस पाथच्या मागे लागणारच. पायथन ३ इथे बरा, तो न सापडलेल्या फोल्डरचंच नाव सांगतो.

टर्मिनलमध्ये चालतं आणि बाहेर नाही, याचं कारण तुमचा टर्मिनल लाडावलेला असतो. लॉगिन केल्यावर प्रोफाइलच्या फाइली वाचून त्याचा पाथ फुगलेला असतो आणि सीडी करून (फोल्डर बदलून) तुम्ही नेमके प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बसलेले असता. तोच प्रोग्रॅम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) टाकला की पाथ साधारणपणे /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच, आणि वर्किंग डिरेक्टरी युजरचा होम फोल्डर. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सिस्टम सर्व्हिस असेल तर काही सांगितलं नाही तर ती थेट रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये उभी असते. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या ॲपला शेलचा पाथ मिळतच नाही, सिस्टमचे चार ठरलेले फोल्डर मिळतात, त्यामुळे होमब्रू या पॅकेज मॅनेजरने टाकलेलं काहीच दिसत नाही. म्हणजे क्रॉनमध्ये दोन्ही गोष्टी एकदम बदलतात, तुम्ही पाथ दुरुस्त करता, एरर तसाच दिसतो, आणि वाटतं दुरुस्ती लागूच झाली नाही, खरं तर पहिला एरर गेलेला असतो आणि हा दुसरा असतो.

बॅशआरसीमध्ये (बॅश शेलची सेटिंग फाइल) पाथ लिहून "आता सगळीकडे चालेल" असं समजणाऱ्यांसाठी, ती फाइल इंटरॲक्टिव्ह, म्हणजे माणूस समोर बसून टाइप करतो त्या शेलसाठी असते, आणि उबंटूच्या बॅशआरसीत तर वरच तपासणी आहे की शेल इंटरॲक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिर. अजून एक छुपं प्रकरण टिल्डचं (~, होम फोल्डरची खूण). पाथमध्ये अवतरणचिन्हात टिल्ड लिहिलंत तर तो तसाच्या तसा साठवला जातो, बॅश शोधताना समजून घेतो आणि कमांड चालवतो, पण तुमचा प्रोग्रॅम टिल्ड नावाचा फोल्डर शोधत बसतो. टिल्डऐवजी होम व्हेरिएबल ($HOME) वापरा.

उपायही वेगवेगळे. पाथचा घोळ असेल तर कमांडचा पूर्ण पाथ (फोल्डरसकट पत्ता) द्या, नाहीतर एन्व्हायर्नमेंटची (प्रोसेसला मिळालेल्या सगळ्या व्हेरिएबल्सची) कॉपी करून तिच्यात पाथ वाढवा. कॉपी हे महत्त्वाचं, कारण सबप्रोसेसला एन्व्ह म्हणून नुसतं एक व्हेरिएबल दिलंत तर ते जुन्यात मिसळत नाही, जुनं सगळं जाऊन तेवढंच उरतं, पाथसकट गायब. विंडोजवर तर पायथनला एन्व्हमधून नवा पाथ दिला तरी कमांड शोधताना तो वापरला जात नाही, तिथे पूर्ण पाथच बरा. वर्किंग डिरेक्टरीचा घोळ असेल तर सीडब्ल्यूडी पॅरामीटर द्या किंवा फाइलींचे पाथ स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढा. सिस्टम() हे फंक्शन एकदा बोलावून सीडी आणि दुसऱ्यांदा बोलावून कमांड, हे चालत नाही, दर वेळी नवा शेल उघडतो, पहिला शेल सीडी करून तिथेच मेला. आणि प्रोग्रॅमच्या मध्येच सीएचडीआयआर करणं (वर्किंग डिरेक्टरी बदलणं) मला तरी आवडत नाही, कारण ते सगळ्या थ्रेड्सना (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांना) लागू होतं.

विंडोजवर ही सीमारेषा मुळातच पुसट आहे, तिथे नुसतं नाव दिलं तरी साधारणपणे पाथच्या आधी चालू फोल्डर बघितला जातो. सोयीचं वाटतं, पण डाउनलोड्समध्ये कुणी त्याच नावाची एक्झे ठेवली तर तीच चालेल. गो भाषेने याच भीतीने २०२२ साली १.१९ मध्ये असं चालू फोल्डरमधून कमांड उचलणं बंद केलं. लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये, पाथच्या शेवटी चुकून एक कोलन राहिला तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू फोल्डर असाच होतो.

तपासायचं असेल तर टर्मिनलमध्ये विच (कमांड कुठे सापडते ते सांगणारी कमांड) मारून उपयोग नाही, ते टर्मिनलचं सांगतं. कमांड चालवायच्या अगदी आधीच्या ओळीत प्रोग्रॅममधूनच पाथ, पायथनचं गेटसीडब्ल्यूडी (वर्किंग डिरेक्टरी) आणि शटिलचं विच छापा, क्रॉन असेल तर लॉगमध्ये. लिनक्सवर चालू प्रोसेससाठी प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या नंबराखाली सीडब्ल्यूडी आणि एन्व्हायरन (एन्व्हायर्नमेंट) दोन्ही मिळतात, फक्त एन्व्हायरनमध्ये सुरुवातीचं चित्र असतं, नंतर प्रोग्रॅमने बदललेलं तिथे दिसेलच असं नाही.

आणि दोन्ही बरोबर असून, फाइल डोळ्यासमोर असून तोच एरर येत असेल तर स्क्रिप्टची पहिली ओळ बघा. तिथे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) मशीनवर नसेल तरी हाच मेसेज येतो, आणि फाइल विंडोजवर सेव्ह केलेली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर इंटरप्रिटरच्या नावाला चिकटलेलं असतं.