परदेशी विमान कंपनीत पायलटची नोकरी : सही करण्याआधी घरात सगळ्यांनी बसून वाचावं असं माहितीपत्रक

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागातली मुलंमुली आता पायलट होऊ लागली आहेत. त्यांच्या घरची मंडळी आयकराच्या आणि बँकेच्या कामासाठी आमच्या कार्यालयात येतात. हल्ली त्यातले बरेच जण आखातातल्या नाहीतर व्हिएतनामकडच्या एखाद्या कंपनीचं ऑफर लेटर मोबाइलवर दाखवून विचारतात, ‘जाऊ द्यावं का?’

आमचं मत स्पष्ट आहे. जेट विमानावरचे तास हातात असतील आणि करारातली नोकरी सुटण्याची कलमं वाचून समजली असतील, तर जरूर जावं. ‘पुढं परदेशात पगार मिळणारच आहे’ एवढ्या भरवशावर मात्र नुकतंच सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालेल्यानं आणखी कर्ज काढू नये. भारतात सीपीएल २०० तासांवर मिळतं, पण चांगल्या परदेशी कंपन्या साधारणपणे टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी) आणि त्याच प्रकारच्या विमानावरचे तास मागतात. कॅप्टन म्हणून थेट जायचं तर एटीपीएल (त्यावरचं, कॅप्टनचं लायसन्स) लागतं आणि त्यासाठी किमान १५०० तास हवेत. म्हणून आधी इथल्या कंपनीत एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वर काही वर्षं काढणं हाच सरळ रस्ता आहे.

कमाई खरी, पण पूर्ण हिशेबानं

संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. शिवाय नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. ही रक्कम मूळ पगारावर निघते, भत्ते धरून नाही. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती आणि भत्ते किती हे वेगळं बघा. घरभाडं आणि मुलांच्या शाळेची फी कंपनी देते की आपल्या खिशातून जाते, यावर शिलकीचा सगळा खेळ आहे. दुबईतल्या फी आणि भाड्याचे आकडे समोर मांडल्याशिवाय ‘करमुक्त पगार’ या शब्दावर भाळू नका.

कामाचं समाधान हाही मोठा फायदा. मोठी विमानं, लांबचे मार्ग, वेगवेगळ्या देशांच्या सहकाऱ्यांबरोबरचं कॉकपिट, हे सगळं पुढच्या आयुष्यभर उपयोगी पडतं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पगाराबरोबर घर आणि मुलांची शाळाही हलते. २०२० मध्ये कोविडच्या काळात आखातातल्या बड्या कंपन्यांनीही पायलट कमी केले आणि हाँगकाँगची कॅथे ड्रॅगन तर त्या ऑक्टोबरात बंदच झाली. आपल्याकडेही किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. फरक इतकाच, की इथं नोकरी गेली तरी माणूस आपल्याच घरी असतो. त्यामुळे जाण्याआधी किमान वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा, असा आमचा आग्रह आहे.

सीनिऑरिटीचं, म्हणजे कंपनीतल्या ज्येष्ठतेच्या यादीचंही ध्यानात घ्या. कंपनी बदलली की पायलट यादीत तळाला जातो. सुट्टी, बेस (ज्या शहरातून ड्यूटी सुरू होते ते), कमांडची म्हणजे कॅप्टन होण्याची संधी हे बहुतेक ठिकाणी त्या क्रमांकावर ठरतं. गणपती-दिवाळीला घरी येणं पहिली काही वर्षं जमेलच असं नाही. आईवडील थकलेले असतील तर हे आधीच बोलून घ्यावं. काही कंपन्या ठरावीक आठवडे काम आणि मग सलग काही आठवडे सुट्टी असा करार देतात. कुटुंब सांगलीतच ठेवायचं असेल तर पगार थोडा कमी असला तरी असा करार आम्हाला जास्त पटतो.

युरोपचं वेगळं आहे. भारतीय लायसन्स तिथं तसंच चालत नाही. एटीपीएलच्या तेराही लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात आणि तिथं काम करण्याचा हक्क स्वतंत्र मिळवावा लागतो.

राजीनामा लगेच देता येत नाही

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे कमांडरला (कॅप्टनला) १ वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) ६ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यावर टाइप रेटिंगचा बॉन्ड (आधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची हमी) असेल तर त्याची रक्कम वेगळी. परदेशी कंपनी इतका काळ थांबायला तयार आहे का, हे लेखी घ्या.

तारखेचा प्रश्न : इथंच लाखो रुपये जातात

पायलट भारतात किती दिवस होता, यावर तो त्या आर्थिक वर्षात करासाठी रहिवासी की अनिवासी हे ठरतं. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा आहे. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला भरतो. मुलगा ऑगस्टमध्ये गेला आणि फार दिवस परत आला नाही, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि तिकडचा पगार भारतात करपात्र होत नाही. तोच नोव्हेंबरमध्ये गेला तर नोव्हेंबर ते मार्चचा परदेशी पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो आणि त्यावर कर भरावा लागतो. आखातात कर न भरल्यामुळे वजावटही काही मिळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी निघालेला मुलगा दिवाळीला आठ दिवस घरी आला, तर गणित उलटतं. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही भारतातला म्हणून मोजला जाईल असं धरा. ड्यूटीवर मुंबईला रात्रीचा मुक्काम पडला तर तोही दिवस मोजा. जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी दिवस मोजण्याचा वेगळा नियम आहे. तो विमानाच्या पायलटला लागू नाही, आणि ही गल्लत आम्हाला वारंवार दिसते.

पुढच्या वर्षांसाठी आणखी एक गोष्ट. भाडं, ठेवींचं व्याज वगैरे भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर सुट्टीवर येणाऱ्यांसाठी १८२ ऐवजी १२० दिवसांची अट लागू होऊ शकते. अशा ग्राहकांनी तिकीट काढण्याआधी आमच्याकडे यावं.

बँक आणि जमीन

परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यायचं आणि तिकडच्या पगारासाठी एनआरई (अनिवासीचं परदेशी कमाईसाठीचं खातं) उघडायचं. एनआरईचं व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त असतं आणि पैसे परत बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. एनआरई खात्याची परवानगी प्रत्येक सहकारी बँकेला नसते, म्हणून घराजवळच्या शाखेत आधी विचारा. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवं उघडता येत नाही.

आता आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पगार सुरू झाला की ऊस किंवा द्राक्षबागेची दोन एकर घ्यायची, ही इथल्या प्रत्येक घराची इच्छा असते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची ही बंदी आहे आणि सातबारा आधीपासून शेतकऱ्याच्या नावावर असला तरी ती सुटत नाही. वडिलांनी बक्षीसपत्रानं शेतजमीन देणंही चालत नाही. वारसाहक्कानं आलेली जमीन मात्र ठेवता येते आणि जाण्याआधी घेतलेलीही ठेवता येते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. मुलाचे पैसे आणि नावापुरतं वडिलांचं नाव, अशी खरेदी करण्याच्या भानगडीत पडू नका. तो बेनामी व्यवहार ठरू शकतो. गावठाणातलं घर किंवा सांगलीत फ्लॅट घ्यायला कसलीही अडचण नाही. घरात जमिनीच्या वाटणीचं घोंगडं भिजत पडलं असेल तर मुलगा अनिवासी होण्याआधीच वाटणीपत्र करून टाका.

एजंट

परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. फीची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. ‘सिम्युलेटरची जागा राखायला’ म्हणून लाखांत रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

पदवीच्या कागदांचंही आधीच बघा. ओमान, बहरीन, सौदी अरेबियाला अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, दूतावासात जावं लागत नाही) चालतं. अमिराती आणि कतारसाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास असे शिक्के लागतात. त्यात आठवडे जातात.

आमच्याकडे येताना काय आणावं

ऑफर लेटर आणि कराराचा पूर्ण मसुदा, सध्याच्या कंपनीचा बॉन्ड, पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती, मागच्या चार वर्षांतल्या परदेश प्रवासाच्या तारखा, कर्जाचे हप्ते, घरच्यांच्या नावावरचे सातबारा उतारे आणि मागची दोन विवरणपत्रं. आजारपणामुळे मेडिकल (उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं तर पैसे देणारा लायसन्स विमा घेतला असेल तर त्याची पॉलिसीही आणा. घेतला नसेल तर आधी त्याचीच चौकशी करून या. पायलट स्वतः ड्यूटीवर असेल तर आईवडिलांनी कागद घेऊन यावं, त्याच्याशी फोनवर बोलून आम्ही दिवसांचा तक्ता करून देतो.