‘बोल्शेविक’: बहुमतवाल्यापासून हेकटापर्यंत

रशियन भाषेत ‘बोल्शिन्स्त्वो’ म्हणजे बहुमत. लेनिनच्या क्रांतिकारी गटाचे बोल्शेविक हे नाव त्यावरून आले आणि त्या नावाचा जन्म एका मतदानात झाला, इतके सगळेच सांगतात. मतदान कशावर होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९०३ च्या उन्हाळ्यात रशियन समाजवाद्यांचे अधिवेशन ब्रुसेल्समध्ये सुरू झाले आणि तिथले पोलीस मागे लागल्यावर लंडनला हलले. खरा तात्त्विक वाद सभासद कोणाला म्हणायचे यावर होता. पक्षाच्या शाखेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच, की शाखेच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाऱ्यालाही? या प्रश्नावर पुढे ‘बोल्शेविक’ म्हणवणारा गट हरला. सैल व्याख्या २८ मते मिळून मंजूर झाली. त्यानंतर ज्यू कामगार संघटनेचे ५ आणि आणखी २ प्रतिनिधी वेगवेगळ्या कारणांनी सभात्याग करून गेले, आणि तेव्हा पारडे फिरले. मुखपत्राचे संपादक सहावरून तीनवर आणणे, केंद्रीय समिती निवडणे या प्रश्नांवर उरलेल्यांत २४ विरुद्ध २० अशी फूट पडली. नेमणुकांवरचे हे चार मतांचे आधिक्य कायमचे नाव होऊन बसले. माझ्या मते प्रतिपक्षाची सर्वांत महागडी चूक हीच: त्यांनी ‘मेन्शेविक’, म्हणजे अल्पमतवाले, हे नाव निमूटपणे स्वीकारले. नोव्हेंबर १९१७ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम चतुर्थांश मते मिळाली, तरी नाव बहुमताचेच राहिले.

इंग्रजी वृत्तपत्रांनी तर मुळातच घोळ घातला. ‘बोल्शे’ म्हणजे ‘अधिक’, तेव्हा हे अधिकाची मागणी करणारे, असे समजून १९१७ मध्ये त्यांनी ‘मॅक्सिमलिस्ट’ हे भाषांतर चालवले. त्या नावाचा एक वेगळा रशियन गट आधीच होता. मतमोजणीचा संदर्भ अशा रीतीने पुसला गेला आणि टोकाचा, अतिरेकी हा अर्थ चिकटला.

हिंदुस्थानात या अर्थाने माणसे तुरुंगात गेली. १९२४ चा कानपूर खटला ‘बोल्शेविक कट’ म्हणूनच ओळखला गेला. सम्राटाचे सार्वभौमत्व हिरावण्याचा कट, हा आरोप. शिक्षा झालेल्या चौघांत मुंबईतला एक मराठी तरुण होता, आणि प्रत्येकाला चार वर्षे सक्तमजुरी झाली. सरकारी कागदांत तेव्हा हा शब्द वर्णन म्हणून नव्हे, ठपका म्हणून येत होता.

ब्रिटनमध्ये त्याचे ‘बोल्शी’ हे लघुरूप पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रुळले. सुरुवातीला ते लाल क्रांतिकारकाला उद्देशून होते, मग संपाची भाषा करणाऱ्या कामगाराला, आणि हळूहळू राजकारण गळूनच पडले. सोव्हिएत पक्षाने १९५२ मध्ये आपल्या नावातला ‘बोल्शेविक’ काढून टाकला. ब्रिटिश घरांत मात्र आजही सांगितलेले न ऐकणाऱ्या, हुज्जत घालणाऱ्या पोराला ‘बोल्शी’ म्हणतात.