वारली चित्रांचे प्रदर्शन

लग्नघराच्या भिंतीवर काढली जाणारी वारली आदिवासींची चित्रे कागदावर व कापडावर उतरवून कलादालनांत, संग्रहालयांत मांडण्याची प्रथा. तिचा आरंभ साधारणपणे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला असे मानतात. मूळ परंपरा डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीतील वारली पाड्यांवरची आहे.

‘वारली’ या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. उत्तर कोकणच्या ‘वरलाट’ या जुन्या विभागनामाशी जॉन विल्सन यांनी १९व्या शतकात ते जोडले. ‘वारल’ म्हणजे कसलेल्या जमिनीचा लहान तुकडा, तो कसणारे ते वारली, ही दुसरी उपपत्ती. जमातीच्या जीवनाशी दुसरी अधिक जुळते. मात्र निर्णायक पुरावा दोहोंनाही नाही. चित्रांच्या प्राचीनतेबाबतही तसेच आहे. काहींनी ती इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत नेली, तर काहींनी मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रांशी असलेल्या साम्यावरून तिची मुळे अश्मयुगात शोधली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेले धड, रेघांचे हातपाय, वर्तुळाचे डोके ही मांडणी दोन्हीकडे दिसते हे खरे; पण केवळ आकाराच्या साम्यावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. वारली घराची भिंत कारवीच्या कुडाची. ती शेणामातीने पुन्हा पुन्हा लिंपली जाते आणि तांदळाच्या पिठाचा रंग फार टिकत नाही. त्यामुळे जुना, काळ ठरवता येईल असा नमुना भिंतीवर उरणे कठीणच. दहाव्या शतकाचा उल्लेख एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आला आहे. त्याचे वजन तेवढेच धरावे.

लग्नाच्या वेळी सुवासिनी ‘चौक’, म्हणजे चौकोनी विधिचित्र, लिहितात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत विधी चालवते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेघ ओढतात. लग्नचौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौकटीच्या पट्ट्यांना साखळी, बाशिंग अशी नावे आहेत. भोवती झाडे, शेतकाम, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती गोल फिरणारे नाचणारे. चौक देवीला बोलावण्यासाठी असतो. चित्र विकण्याची कल्पना यात कुठेच नव्हती.

चित्रकार भास्कर कुलकर्णी हे हस्तकलेच्या शासकीय उपक्रमातून या भागात आले. त्याआधी त्यांनी बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना कागद दिले होते. येथेही कागद आधी बायकांपुढे ठेवला गेला, पण पुढे नाव झाले ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांचे. स्त्रियांच्या विधीची कला एका पुरुषाने रोजच्या कामासारखी हाती घेतली, हा या इतिहासातील कळीचा बदल आहे. मुंबईच्या केमोल्ड दालनात १९७५ मध्ये त्यांची चित्रे मांडली गेली. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात ते गोंड चित्रकार जंगढसिंह श्याम आणि मधुबनीच्या चित्रकार बौआ देवी यांच्यासह होते. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली.

कागदावर आल्यावर चित्र बदलले. पिठात डिंक मिसळू लागला, देवीची चौकट गळाली. पूर्वी भोवताली असणारी शेती, मासेमारी, नाच हेच विषय मध्यभागी आले. म्हशे यांच्या मासेमारीच्या जाळ्यांत विणीचा धागा न् धागा दिसतो. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात (स्थापना १९८२) चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी आणि नागर चित्रकारांना एकाच वास्तूत आणले, तेव्हा जंगढसिंह यांच्यासारखा चित्रकार स्वतःच्या नावाने ओळखला जाऊ लागला. वारली चित्राला मात्र बराच काळ ‘लोककला’ या एकाच चिठ्ठीखाली बसवले गेले. पिशव्या, कप, हॉटेलांच्या भिंती यांवर उमटणाऱ्या आकृत्यांखाली चित्रकाराचे नाव बहुधा नसते, आणि ही उणीव किरकोळ मानता येत नाही. या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

धवलेरींची आणि चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे प्रदर्शनांच्या पुस्तिकांत फारशी आढळत नाहीत. पाड्यांवर लग्नाचा चौक आजही त्याच लिहितात.