स्वभाव जुळायलाच हवेत का?

चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांकडे ओढले जातात, हे शाळेत शिकलेलं वाक्य आपण किती सहज माणसांना लावतो! तो अबोल, ती बोलकी, म्हणजे जोडी छान जमणार. आणि ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’, म्हणजे सारख्या स्वभावाच्यांचीच मैत्री जमते, हेही आपल्याला तितकंच पटतं. दोन्ही एकदमच खरं कसं असेल?

विरुद्ध स्वभावांची बाजू अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट विंच यांनी १९५०च्या दशकात मांडली. हुकूम चालवायला आवडणाऱ्याला ऐकून घेणारा जोडीदार हवासा वाटतो, दोघांच्या गरजा अशा एकमेकांना पूरक असतात, असं त्यांचं म्हणणं. कल्पना देखणी होती, पण अभ्यास अवघ्या २५ जोडप्यांचा. पुढच्या संशोधकांना तिला भक्कम आधार सापडला नाही.

२०२३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९०३ पासूनचे १९९ अभ्यास एकत्र केले. शिवाय यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्यविषयक माहितीच्या साठ्यातल्या जवळपास ८०,००० जोडप्यांची माहिती तपासली. शिक्षण, राजकीय आणि धार्मिक मतं, दारू-सिगारेटच्या सवयी यांत जोडीदार बरेच सारखे निघाले. सहसंबंध १ म्हणजे तंतोतंत जुळणी आणि शून्य म्हणजे काहीच संबंध नाही असं धरलं, तर राजकीय मतांचा आकडा ०.५च्या वर जातो. बोलकेपणा, माणसांत रमणं म्हणजे बहिर्मुखता मात्र ०.०८च्या आसपास! विरुद्ध टोकांच्या ओढीचा पुरावा जवळजवळ नाहीच, पण स्वभावाचं साम्यही नाममात्र. बोलक्याला बोलकी भेटली काय किंवा अबोल भेटली काय, तो बराचसा योगायोगच.

पण जोडी कशी जमते हा एक प्रश्न आणि जमलेली जोडी सुखी असते का हा दुसरा. आपण नेहमी दोन्हींची गल्लत करतो. दुसऱ्याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो विवाहित जोडप्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नात्यातल्या समाधानात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ६ टक्के वाटा त्यांच्या स्वतःच्या स्वभावाचा होता आणि १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाचा. दोघांच्या स्वभावातल्या साम्याचा वाटा? अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे चटकन न चिडणारं, समजून घेणारं, हातातलं काम नीट करणारं माणूस बरोबर असलं, की ते आपल्यासारखं आहे की नाही याने फारसं बिघडत नाही. दोघंही सारखेच तापट असतील, तर ते साम्य काय कामाचं?

मग ‘आमचं अगदी जुळतं’ असं सुखी जोडपी का म्हणतात? २००८ मध्ये ३१३ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात याचा धागा सापडतो. नुकत्याच ओळख झालेल्या माणसांत प्रत्यक्ष साम्यामुळे आकर्षण वाढतं. पण मुरलेल्या नात्यात मोजून काढलेलं साम्य निष्प्रभ ठरतं आणि जाणवणारं साम्य तेवढं टिकून राहतं. ‘हा माझ्यासारखाच आहे’ असं वाटणं आणि नातं सुखाचं असणं हातात हात घालून येतात. जुळतं म्हणून सुख की सुख आहे म्हणून जुळल्यासारखं वाटतं, याचा गुंता सोडवणं सोपं नाही. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

म्हणूनच डेटिंग अ‍ॅपवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे गुण जुळले नाहीत म्हणून कुणी हिरमुसतं, तेव्हा वाईट वाटतं. २०२० मध्ये ११,१९६ जोडप्यांची माहिती संगणकाला शिकवून पाहिली गेली. जोडीदार आपल्याशी बांधलेला आहे ही खात्री, त्याच्याविषयीची कृतज्ञता, भांडणांचं प्रमाण, असं नात्यात रोज जाणवणारं काही सांगितलं, की आज ते नातं कसं आहे हे संगणक बऱ्यापैकी ओळखत होता. तेच नातं पुढे सुधारेल की बिघडेल, हे मात्र त्याला जवळजवळ सांगताच आलं नाही.